सीटा मोजल्या, बोल्ट बघितले नाहीत

परदेशात राहायला जाण्याआधीच तिथली जुनी सेव्हन सीटर गाडी ठरवून ठेवायचा विचार कोणी करत असेल, तर आधी हे वाचा. आम्ही नेमकं तेच केलं आणि फसलो. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण अकरा दिवस माझा मुलगा ज्या सीटवर बसून फिरला, ती सीट कशाच्या आधारावर उभी होती हे कळलं त्या दिवशी पोटात जो गोळा आला, तो अजून पुरता विरघळलेला नाही.

आम्ही सहा जण. मी, नवरा, सासू-सासरे, सात वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. पाच सीटांच्या गाडीत आम्ही मावत नाही आणि दोन गाड्या परवडत नाहीत. नवी सेव्हन सीटर आवाक्याबाहेर, म्हणून जुनी बघायची. इथवर सगळं बरोबरच होतं. चुकलं ते पुढं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन परक्या ठिकाणी उतरणार, तेव्हा पहिल्या दिवसापासून गाडी दारात हवी, असं आम्ही मनाशी धरून बसलो.

एका जाहिरातीत हवी तशी गाडी दिसली. फोन केला तर विकणारा आपल्याच भाषेचा निघाला. "वहिनी, आम्हीही असेच आलो होतो, लहान पोरं आणि आई-वडील घेऊन. काय हाल होतात ते मला विचारा. तुमचे होऊ नयेत एवढंच बघतो." परक्या देशात जायची धास्ती मनात असताना आपली भाषा कानावर पडली की माणूस निम्मा तिथंच विरघळतो. घरची गाडी आहे, आता मुलं मोठी झाली, एवढी मोठी गाडी लागत नाही, असं त्यानं सांगितलं. त्याच पहिल्या फोनवर आम्ही त्याला आमच्या विमानाची तारीख सांगून टाकली.

ही तारीखच त्याच्या हातातलं हत्यार झाली, हे आता कळतंय. आधीचे तीन आठवडे तो अगदी निवांत होता. "घाई नाही, विचार करून सांगा." तोवर आम्ही दुसऱ्या गाड्या बघणं सोडून दिलं होतं. निघायला बारा दिवस उरले आणि सूर बदलला. आणखी एक कुटुंब बघून गेलंय, तुमच्यासाठी थांबवलंय, पण निदान इसार तरी पाठवा. तो पाठवला. निघायच्या पाच दिवस आधी म्हणाला, नोंदणी तुमच्या नावावर करायची प्रक्रिया सुरू करायची तर पूर्ण रक्कम लागेल. घरात बॅगांचा ढीग, गॅसचं कनेक्शन परत करायचं, शाळेचा दाखला आणायचा, त्यात ही रक्कम. नवरा म्हणाला, "देऊन टाकू, एक काम तरी मिटेल." मीही हो म्हणाले. सगळे पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यात गेले. लेखी करार नव्हता. बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात गेलेली रक्कम परत ओढून आणणं किती अवघड असतं, हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही.

आम्ही काहीच बघितलं नव्हतं असं नाही. दोनदा व्हिडिओ कॉल झाला. इंजिन सुरू करून दाखवलं, आवाज ऐकवला, एसी, खिडक्या, पुढच्या सीटा, सगळं झालं. मागची रांग दाखवायची वेळ आली की तो डिकीचं दार उघडायचा आणि दुरूनच "ही बघा, दोन जण आरामात बसतात" म्हणून कॅमेरा फिरवायचा. सीटांखाली नीट बसवलेला एक जाड गालिचा होता. तो मला स्वच्छतेची खूण वाटला. गाडीच्या कागदांचा फोटो मागितला तर त्यानं लगेच पाठवला, फक्त कागदाची खालची कडा त्याच्या अंगठ्याखाली होती. सीटांची संख्या तिथंच छापलेली असते. मी तो फोटो किमान दहा वेळा बघितला असेल. अंगठा दिसला, पण अंगठ्याखाली काय असेल हा प्रश्न पडला नाही.

तपासणीचा अहवालही होता, पण तो त्यानंच ओळखीच्या गॅरेजमधून करून दिलेला. माझ्या दिराचा एक मित्र तिथून दोन तासांच्या अंतरावर राहतो. त्याला एकदा बघून ये म्हणून सांगता आलं असतं. पण ओळख ना पाळख, कशाला त्रास द्यायचा, असं म्हणून आम्हीच गप्प बसलो. एकदा विषय काढला होता, तर विकणारा म्हणाला की गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे, चार दिवस मिळणार नाही. तिथंच पाणी मुरत होतं.

आम्ही पोचलो, गाडी मिळाली. धुऊन पुसून लख्ख. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मागच्या रांगेत चढवणं शक्य नव्हतं. म्हणून मधल्या रांगेत सासू-सासरे आणि मुलीची सीट, मागं मी आणि मुलगा, अशी व्यवस्था झाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ब्रेक लागला की आमच्या सीटखालून 'टक्' असा आवाज येतो. मुलाला त्याची गंमत वाटायला लागली, सिग्नल आला की तो आधीच "आता टक् होणार" म्हणायचा. मीही हसत होते.

अकराव्या दिवशी तेल बदलायला म्हणून गाडी गॅरेजला नेली आणि सहज त्या आवाजाबद्दल सांगितलं. मेकॅनिकनं गालिचा उचलला, बॅटरी मारली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग मला वाकून बघायला सांगितलं. जमिनीचा पत्रा जुना, कडेला गंज धरलेला, आणि त्यात चार कोरे चकचकीत बोल्ट. खालच्या बाजूला नुसते वॉशर. कारखान्यात सीट बसवतात तिथं पत्र्याच्या आत जाड पट्टी वेल्ड केलेली असते, धडक बसली की सगळा जोर तिच्यावर येतो. इथं ती पट्टी नव्हतीच. सीटबेल्टची वरची टोकंही तशीच, बाजूच्या पातळ पत्र्यात बोल्ट मारून अडकवलेली. बेल्टच्या मुळाशी एक छोटं लेबल शिवलेलं असतं, त्यावर बनवल्याचं वर्ष असतं. पुढच्या बेल्टवरचं वर्ष गाडीच्या वर्षाशी जुळत होतं. मागच्या दोन बेल्टवर त्याच्या तीन वर्षं आधीचं वर्ष होतं. म्हणजे गाडीपेक्षा बेल्ट जुने. कुठल्या तरी भंगारात गेलेल्या गाडीतून काढलेले.

हे मॉडेल पाच आणि सात अशा दोन्ही प्रकारांत येतं. बाहेरून फरक कळत नाही. आमची गाडी मुळात पाच सीटांची. ब्रँडच्या सेवा केंद्रात चेसिस क्रमांक दिला आणि पाच मिनिटांत ते स्पष्ट झालं. हा क्रमांक १७ अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. गाडी कारखान्यातून कशी निघाली, किती सीटांची, हे त्या क्रमांकावरून ब्रँडला सांगता येतं. हे काम मी माझ्या जुन्या घरातून, एका ईमेलवर करू शकले असते. खिडकीवरून उघडणारी पडद्यासारखी एअरबॅगही मधल्या रांगेपाशीच संपत होती. मी आणि मुलगा जिथं बसत होतो, तिथं काहीच नव्हतं.

मग बाकीचंही उकलत गेलं. मीटर ९२ हजार किलोमीटर दाखवत होतं. अनेक गाड्यांमध्ये धावलेलं अंतर मीटरशिवाय दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही नोंदलेलं राहतं. मेकॅनिकनं यंत्र जोडून बघितलं तर गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये २ लाख १४ हजार होते. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं कव्हर कोरं का होतं, याचा उलगडा तेव्हा झाला. कमी चाललेल्या गाडीत या दोन गोष्टी बदलायची वेळच येत नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो कुठल्या आठवड्यात आणि वर्षात बनला ते, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. आमचे चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांतले होते. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझायला हवा. आमचा लागतच नव्हता. दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी समजत होते. प्रत्यक्षात तो बंद करून ठेवला होता.

विमा कंपनीला फोन केला. नोंदणीत पाच सीटा असताना सात जणांची बसण्याची सोय करून अपघात झाला तर दावा टिकणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तो फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. पैशांसाठी नाही. मुलाचं ते "आता टक् होणार" आठवत होतं.

विकणाऱ्यानं पहिले दोन फोन उचलले. "तुम्ही आहे तशी घेतलीत, वहिनी. व्हिडिओवर सगळं दाखवलं होतं." तिसऱ्यानंतर नंबर लागेना. बहुतेक देशांत दुकानदाराकडून घेतलेल्या मालाला ग्राहक कायद्याचं जेवढं संरक्षण असतं, तेवढं घरगुती विक्रीला नसतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण नवऱ्यानं जुन्या जाहिराती चाळल्या तेव्हा एक गोष्ट सापडली. तीन वेगवेगळ्या गाड्या, तीन वेगवेगळी नावं, आणि मागं तेच निळं फाटक, खालच्या कोपऱ्यातला पत्रा वाकलेला. हा माणूस धंदाच करतो आणि घरची गाडी म्हणून विकतो. ते फोटो आम्ही तक्रारीला जोडले आहेत.

आता कोणी विचारलं की मी पहिली गोष्ट सांगते ती गाडीबद्दलची नाही. निघायची तारीख विकणाऱ्याला कळू देऊ नका. आणि पोचल्यावर पहिला महिना मोठी गाडी भाड्यानं घ्या. महाग वाटतं, आम्हालाही वाटलं होतं. पण तो महिना हातात असता तर मी ती गाडी स्वतः वाकून बघितली असती. ज्याला थांबायला वेळ आहे त्याला कोणी घाईत पाडू शकत नाही.

तरीही लांबूनच घ्यायची असेल तर तपासणारा माणूस तुमचा हवा, त्याला पैसे तुम्ही द्यायचे, विकणाऱ्यानं नाही. त्याला सगळ्यात आधी मागची रांग बघायला सांगा. गालिचा उचलून. बेल्ट शेवटपर्यंत ओढून, कारण पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची चिखलाची रेघ तिथं राहून जाते, आणि लेबलवरचं वर्ष वाचून. लहान मूल असेल तर आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट गाडीला अडकवायच्या, कड्या मोजा. त्या सीट आणि पाठीच्या फटीत, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर असतात, आणि कित्येक खऱ्याखुऱ्या सेव्हन सीटरमध्येही त्या फक्त मधल्या रांगेत असतात. दाराच्या खांबावर माणसं आणि सामान धरून गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं, तेही बघा. सात जणांचे सरासरी ७० किलो धरले तरी ४९० किलो तिथंच झाले, बॅगा अजून बाहेरच आहेत.

चेसिस क्रमांक आधी मागा. देत नसेल तर फोन ठेवून द्या. त्यावरून सीटांचा मूळ हिशेब कळतो, गाडीवर कर्ज आहे का ते कळू शकतं, रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीनं गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती, बाकी आहे का तेही कळतं. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल कोट्यवधी गाड्यांना लागू झाला होता. फुगवणारा भाग फुटून धातूचे तुकडे आत बसलेल्यांच्या अंगात घुसत होते. जुन्या गाडीत ते काम झालंय की नाही हे विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नका. ब्रिटनला जाणार असाल तर गाडीच्या नोंदणी क्रमांकावरून एमओटी चाचण्यांचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या तिथल्या सक्तीच्या तपासण्यांचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, प्रत्येक चाचणीच्या वेळचं मीटर किती होतं त्यासकट. आणि नऊपेक्षा जास्त सीटांच्या व्हॅनचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा, की युरोपात साध्या कारच्या परवान्यावर चालक धरून नऊच सीटा चालतात.

आमच्या गाडीतल्या मागच्या दोन सीटा आम्ही त्याच आठवड्यात काढायला लावल्या. मेकॅनिकनं चार भोकं वेल्ड करून बुजवली आणि ते चार बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले, तक्रारीला पुरावा म्हणून. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. तोवर सगळ्यांना मिळून कुठं जायचं असलं की नवरा, सासूबाई आणि मुलं गाडीनं पुढं होतात, आणि मी आणि मामंजी मागून बसनं जातो.