लॉरा व्हीआरएसचा क्लच, उद्यमबागेतलं गॅरेज आणि नंतरचे ८०० किलोमीटर

आधीच सांगतो, गॅरेजचं नाव आणि नंबर टाकत नाही, गॅरेजवाल्या अण्णांनीच नको म्हटलंय, दोन लिफ्ट आणि तीन पोरं, हातात असलेलंच काम उरकत नाही त्यांचं. खरं बेळगावात उद्यमबागेत आत शिरून कुणालाही स्कोडा-वोक्सवॅगन करणारे अण्णा कुठं म्हणून विचारा, दाखवतील.

गाडी माझी स्कोडाची लॉरा व्हीआरएस. २०११ ला आपल्याकडं आली ती, १.८ टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १६० पीएस, टॉर्क २५० न्यूटन मीटर आणि सहा गिअरची मॅन्युअल. मी सेकंडहँड घेतली तेव्हा ७८ हजार किलोमीटर झालते आणि आधीच्या मालकानं स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) मारून ठेवलेला. पिकअप असलं जबरदस्त की दुसऱ्या गिअरला पाय दिला की पोटात गोळा यायचा. खरं रिमॅप मारणाऱ्यानं इंजिनाची ताकद वाढवली, क्लच कंपनीचाच ठेवला. टर्बो गाडीत जोर खालच्या आरपीएमलाच येतो, त्यामुळं वरच्या गिअरला कमी आरपीएमवर पाय दाबला की सगळा भार एकदम क्लचवर पडतो. माझ्या गाडीनं हे पहिल्यांदा वंटमुरी घाटात दाखवलं. हायवेला पाचवा गिअर, दोन हजारावर काटा, पुढं ट्रक होता म्हणून ओव्हरटेकला पाय दिला तर आरपीएमचा काटा सटकन साडेतीन हजारावर आणि स्पीड आहे तिथंच. मग तो वास. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर विसरत नाही.

तेव्हा मी घाई केली. एका गॅरेजात (नाव घेत नाही, बेळगावातलं नाही एवढंच) फक्त क्लच प्लेट बदलून घेतली, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटीला दाबून धरते ती) चांगली आहे म्हणाले, बेअरिंग चांगलं आहे म्हणाले, फ्लायव्हीलला (इंजिनाची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) पॉलिश पेपर मारून दिला, आणि संध्याकाळी गाडी हातात. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी चौघांना आणि सगळ्यांच्या बॅगा घेऊन चोर्ला घाटातून पणजीला गेलो. नवीन प्लेट सेट व्हायला वेळ द्यायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जांबोटीच्या पुढं खड्डे, कणकुंबीच्या पुढं चढ-उतार, ट्रकच्या मागं हाफ क्लचवर रांगत गेलो आणि जागा मिळाली की फुल पाय. १४ हजार किलोमीटरात परत तेच, क्लच स्लिप म्हणजे प्लेट घसरून काटा चढतो आणि स्पीड नाही, शिवाय पहिल्या गिअरला गाडी सोडताना सगळी केबिन थरथरायची, मांडीवरचा मोबाईल खाली पडायचा.

मग एका मित्राच्या सांगण्यावरून अण्णांकडं. गाडी बघायच्या आधी त्यांनी मला शेजारी बसवून स्वतः चालवली, खानापूर रोडवर चौथ्या गिअरला एकदा पाय दिला, काट्याकडं बघितलं आणि परत फिरवली. म्हणाले, "क्लच घालतो ओ, खरं आधी मॅप काढा. नाहीतर मॅपला झेपंल असला जड क्लच घाला. हे दोन्ही अर्धं अर्धं ठेवून परत माझ्याकडं येऊ नका." मी विचारलं जड क्लच म्हणजे सिरॅमिकवाला घातला तर? म्हणाले घाला की, पकड लई जोरात, खरं रेल्वे गेटला उभं राहून रोज गाडी सोडायची असेल तर धक्के खाऊन पाठ दुखंल. मी टिळकवाडीत राहतो, दुसरं गेट माझ्या रोजच्या वाटेवर. मॅप काढून कंपनीचा टाकला. मला माहीत आहे बऱ्याच जणांना हे पटणार नाही, खरं मी ट्रॅकवर जात नाही, मला घाटात दमदार आणि गावात शहाणी गाडी पाहिजे.

गिअरबॉक्स खाली उतरला त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेलतो. अण्णांनी पोराला "निधान, निधान" (कानडीत हळू, हळू) म्हणत गिअरबॉक्स जॅकवर घेतला आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीनं समोरासमोरचे थोडे थोडे ढिले केले, एकदम एक बाजू खोलली तर कव्हर वाकतं म्हणून. आतली प्लेट माझ्या हातात दिली. १४ हजाराची प्लेट, जाडी बऱ्यापैकी शिल्लक होती, खरं वरचा भाग काचेसारखा चकचकीत, अंगठा फिरवला तर गुळगुळीत. अण्णा म्हणाले ही झिजलीच नाही, भाजली. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग, आठ-दहा, तव्यावर पाणी शिंपडल्यावर उठतात तसे गोल. ह्या डागांच्या जागी लोखंड कडक होतं, तिथं प्लेट नीट बसत नाही आणि म्हणून थरथर येते. माझी १४ हजार किलोमीटरची थरथर मला डोळ्यांनी दिसली.

आता महत्त्वाचं. ह्या गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा, इंजिनाचे धक्के तिथंच जिरावेत म्हणून. त्यामुळंच क्लच प्लेटीच्या मधे साध्या गाडीसारख्या स्प्रिंगा नसतात. अण्णांनी दोन्ही चकत्यांवर मार्करनं एक सरळ रेघ ओढली, मागची चकती हातानं फिरवली, आणि रेघेची दोन टोकं किती लांब जातात आणि सोडल्यावर परत कुठं येतात ते दाखवलं. परत येतच नव्हती नीट, मधेच ढिली पडत होती, आणि पुढं-मागं हलवली की खटखट आवाज. मी म्हटलं अण्णा उद्यमबागेत आहात, बाजूलाच लेथ, डाग फेसिंग मारून (वरचा थर कापून सपाट करून) काढू की, सगळं जग इथं कास्टिंग मशीनिंग करून घेतं. अण्णा हसले नाहीत. म्हणाले साधं फ्लायव्हील असतं तर आत्ता पाठवलं असतं, ह्याला लेथवर चढवणार नाही, वरचं सपाट होईल खरं आतल्या स्प्रिंगा कोण दुरुस्त करणार. काम स्वस्तात करून पैसे घेता आले असते त्यांना आणि मला कळलंही नसतं. मला ह्या माणसावर विश्वास तिथं बसला.

मग लुक कंपनीचं पूर्ण किट आणि लुकचंच नवीन ड्युअल मास फ्लायव्हील मागवलं, पुण्याहून ट्रान्सपोर्टनं आलं. किटमधे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवतं ते) तिन्ही येतात, आणि तिन्ही एकदम बदलायचे. बेअरिंग वाचवायला गेलं आणि सहा महिन्यांत ते ओरडायला लागलं तर त्याच्यासाठी परत अख्खा गिअरबॉक्स खाली, परत तेवढीच मजुरी. बिलात सगळ्यात मोठा आकडा फ्लायव्हीलचा, किटच्या जवळजवळ दुप्पट. मजुरी साडेआठ हजार, मला जास्त वाटली नाही.

बुधवारी देतो म्हटलेली गाडी शुक्रवारी मिळाली. कारण काय तर फ्लायव्हीलचे नवीन बोल्ट आले नव्हते. हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ६० न्यूटन मीटरला आवळून मग वर ९० अंश फिरवायचे, त्यात ते ताणले जातात, परत वापरले तर भरवसा नाही. मी बुधवारी जरा तापलो, जुनेच घाला म्हणालो, मला शनिवारी गावाला जायचं होतं. अण्णांनी जुना एक बोल्ट काढून माझ्या हातात ठेवला आणि दुसऱ्या गाडीकडं गेले. बसवताना मी होतो: नवीन फ्लायव्हीलवरचं गंज न यावा म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरनं पुसून काढलं, त्यानंतर त्या पृष्ठभागाला कुणाला बोट लावू दिलं नाही. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (ज्या दांड्यावर क्लच प्लेट बसते त्याच्या) दात्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात, जास्तीचं फडक्यानं पुसलं, कारण ते उडून प्लेटीवर गेलं की संपलं. क्रँकच्या मागचं ऑइल सील बघितलं, कोरडं होतं. शेवटी हायड्रॉलिकचं ब्लीडिंग म्हणजे पाइपातली हवा काढणं, ह्या गाडीत क्लचला तेल ब्रेकच्याच टाकीतून जातं, त्यामुळं डॉट फोर ब्रेक ऑइल ताजं भरून घेतलं.

चावी देताना अण्णांनी जे सांगितलं ते मी मोबाईलमधे टाईप करून घेतलं. ८०० किलोमीटर गावातले, हायवेचे नाही, हायवेवर एक गिअर टाकून शंभर किलोमीटर गेलात तर क्लच एकदाच दाबला, ते मोजायचं नाही. फुल पाय नाही. पहिल्यातून उडी नाही. गिअर खाली टाकून इंजिनावर गाडी थांबवायची नाही. चढावर हाफ क्लचवर धरून ठेवायची नाही, हँडब्रेक लावा. गाडी उभी असली की न्यूट्रल. नवीन प्लेट आणि नवीन फ्लायव्हील अजून पूर्ण टेकलेले नसतात, फक्त उंच उंच भाग टेकतात, हळूहळू घासून एकमेकांना बसतात, त्याआधी जोर दिला तर तेवढेच भाग तापून काच होते. हीच माझी मागची चूक.

गणपतीच्या आधीचे दिवस होते, मला वाटलं आता गावातली गर्दी म्हणजे वैताग, खरं ह्या कामाला त्याच्यापेक्षा चांगला रस्ता नाही. रोज संध्याकाळी मी मुद्दाम आरपीडी क्रॉस, गोवावेस, शहापूर, खडेबाजार, बोगारवेस, परत किर्लोस्कर रोड असं फिरलो. गणपत गल्लीकडं मखरं आणि लाइटिंग घ्यायला आलेली माणसं, दर पन्नास फुटाला थांबा, सोडा, थांबा. पहिले दोनशे किलोमीटर पकड जरा खाली आणि किंचित चिकट वाटली, एकदा थंड गाडी सोडताना बारीकशी थरथर आली आणि माझ्या छातीत धस्स झालं. अण्णांना फोन केला, तीन वेळा केला तेव्हा उचलला, म्हणाले चारशेपर्यंत वाट बघा. साडेतीनशेला गेली ती, परत आली नाही. पेडल आता इतकं हलकं आहे की पहिले दोन दिवस मी उगाच जोरानं दाबत होतो. झिजत आलेल्या क्लचचं पेडल जड होत जातं आणि आपल्याला त्याची सवय होते, हे मला तेव्हाच कळलं.

क्लच बसवल्यापासून ८०० झाले त्या रविवारी सकाळी सहाला एकटाच निघालो, जांबोटी, कणकुंबी. पाऊस थांबलेला, रस्ता ओला, धुकं. कणकुंबीच्या पुढं मोकळी चढण बघून चौथ्या गिअरला दोन हजारावर पाय पूर्ण दिला. काटा आणि स्पीड दोघं बरोबर चढले, हात धरून गेल्यासारखे. रिमॅपचा तो गोळा आता पोटात येत नाही हे खरं, खरं जेवढं इंजिन देतंय तेवढं सगळं चाकाला पोचतंय, आणि मला हे जास्त आवडलं. घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो आणि मुद्दाम वास घेतला. ओल्या मातीचा वास, बाकी काही नाही.

आता तक्रारी. इंजिनाखालच्या कव्हरचे दोन स्क्रू लावायचे राहिलेत, ऐंशीच्या वर फडफड आवाज येतो, हे मला त्याच दिवशी चोर्ल्याला कळलं. स्टिअरिंगवर काळे हात लागलेले, सीटला प्लास्टिक घातलं नव्हतं, क्रीम रंगाच्या सीटवाल्यांनी स्वतःचं जुनं चादर घेऊन जावा. बसायला जागा म्हणजे दोन खुर्च्या, त्यातली एक अण्णांची. बिल मागितल्यावर मिळालं, आपणहून दिलं नाही, पार्टचे खोके मात्र सगळे डिकीत घालून दिले आणि जुना माल पण. गाडी दोन दिवस लांबली तर कळवत नाहीत, फोन तुम्हालाच करायला लागतो.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आधी जावा, तेव्हा अण्णा स्वतः गाडी चालवून बघतात, दहानंतर पोरं बघतात. क्लचचं काम असेल तर पार्ट आल्याशिवाय गाडी खोलू देऊ नका, आणि फ्लायव्हीलचे बोल्ट ऑर्डरमधे आहेत का एवढं त्याच फोनवर विचारून घ्या. मी येत्या शुक्रवारी ते दोन स्क्रू लावायला चाललोय.