घरचा शिकारी बाण: कोणता भाग जुन्या पद्धतीचा, कोणता नव्या?

सगळा बाण एकाच काळातल्या साहित्याचा असावा, असा हट्ट जुन्या बाणकारांनी कधी धरला नाही. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओट्झीच्या भात्यात चौदा काड्या होत्या, पण पुरे झालेले बाण दोनच. त्यांची पिसे बर्चच्या डांबराने चिकटवून वर बारीक दोऱ्याने आवळलेली होती, आणि एका बाणाला तर पुढच्या टोकाशी वेगळ्या लाकडाचा तुकडा जोडला होता. पाच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस कोणत्या भागाला काय सोसायचे आहे ते पाहून साहित्य निवडत होता. आजही निवड तशीच, एकेक भाग हातात घेऊन करावी.

पुढचे सगळे लाँगबो (साधे लांब धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) वापरणाऱ्यांसाठी आहे. कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाके असलेले आधुनिक धनुष्य, असेल तर लाकूड आणि बांबूचा विचारच करू नका. तिच्या झटक्याने लाकडी काडी सुटतानाच फुटू शकते. शिकारीला कायद्याने परवानगी आहे का आणि बाणाच्या टोकाला बसणाऱ्या धारदार पात्याबद्दल नियम काय आहेत, हे साहित्य घेण्याआधीच पाहून ठेवा.

काडी: लाकूड, बांबू, ॲल्युमिनियम, कार्बन

सर्वांत जास्त विचार इथे करायचा. दोरी सुटली की काडी सरळ निघत नाही. धनुष्याला वळसा घालत ती लचकते आणि मग सावरते. हे लचकणे धनुष्याच्या ओढीशी, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराशी, जुळले नाही, तर पिसे आणि टोके बदलून फारसे काही साधत नाही. लाकडी काडीचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन, घरी मोजता येतो. २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी ठेवा, मधोमध २ पौंडांचे वजन टांगा, काडी किती इंच झुकली ते मोजा आणि २६ ला त्या आकड्याने भागा. ०.५२ इंच झुकली तर काडी ५० पौंडांची, म्हणजे साधारण तेवढ्या ओढीच्या धनुष्यासाठी. कार्बनच्या काडीवर छापलेला आकडा निराळ्या मापाचा असतो: टेकूंमधले अंतर २८ इंच, वजन १.९४ पौंड, आणि ‘५००’ म्हणजे अर्धा इंच झुकणारी काडी. इथे आकडा वाढला की काडी मऊ होत जाते, लाकडाच्या नेमके उलट. ही दोन मापे एकमेकांत मिसळू नका.

लाकडाची मोठी सोय म्हणजे वजन. पारंपरिक धनुष्याला ओढीच्या दर पौंडामागे ८ ते १० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) वजनाचा बाण मानवतो. ४५ पौंडांच्या धनुष्याला साधारण ४०० ग्रेन, आणि लाकडी बाण तिथपर्यंत सहज पोहोचतो. सीडर हलके आणि सरळ, ॲश जड आणि चिवट. जड बाण हवा असेल तर ॲश. काडी घेताना रेषे पाहा. ते टोकापासून टोकापर्यंत धावले पाहिजेत. मध्येच बाजूला फुटलेले रेषे दिसले तर ती काडी कितीही देखणी असो, घेऊ नका. ती नेमकी तिथेच मोडते आणि मोडकी टोके धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. लाकडाचा दोष एकच, पण मोठा: दमट हवेत ते वाकते. वॉर्निशने हे कमी होते, थांबत नाही. बाण अधूनमधून तपासून सरळ करावे लागतातच.

बांबू मला काडीचा राजा वाटतो. नैसर्गिक निमुळता, चिवट, आणि लचकून पटकन सावरणारा. पण एकसारख्या डझनभर काड्या जमवायला पुष्कळ बांबू चाळावा लागतो, प्रत्येक पेर विस्तवावर शेकून सरळ करावे लागते, आणि आतून पोकळ असल्याने पुढे कठीण लाकडाची खुंटी बसवावी लागते. खुंटीला ५ अंशांचा उतार दिला की बाजारातले गोंदाने बसणारे पोलादी पाते तिच्यावर नीट बसते. जुन्याला नव्याची जोड द्यायची तर याहून चांगली जागा नाही.

कार्बन ओलाव्याने वाकत नाही आणि एका डझनातल्या काड्या जवळपास एकसारख्या असतात. ज्याला संध्याकाळी बसून काड्या शेकायला वेळ नाही किंवा ज्याची शिकार सततच्या पावसात आहे, त्याने कार्बन घ्यावे आणि मनात किंतु ठेवू नये. मात्र काडी हलकी असल्याने पुढे पितळी इन्सर्ट, म्हणजे टोक बसवायचा आतला तुकडा, घालून वजन वाढवावे लागते, आणि पुढचे वजन वाढले की काडी मऊ वागू लागते. म्हणून इन्सर्ट ठरवल्यावरच काडीचा आकडा निवडा. मला खटकते ती दुसरी गोष्ट. कार्बन जनावरात मोडला तर त्याचे बारीक, धारदार तंतू मांसात राहतात, आणि जखमेभोवतीचे मांस टाकून द्यावे लागते. तडा गेलेली काडी सुटताना हातातही घुसते. प्रत्येक वेळी मारण्याआधी ती वाकवून बघा, पिळून कानाशी धरा. कुरकुर ऐकू आली तर तिथेच टाकून द्या.

ॲल्युमिनियम लाकूड आणि कार्बन यांच्या मधले. काडीवर २०१६ असे लिहिले असेल तर व्यास २०/६४ इंच आणि जाडी ०.०१६ इंच, इतका सरळ हिशेब. एकसारखेपणा उत्तम, आदळले की वाकते, बेताचे वाकले असेल तर सरळ करता येते.

पिसारा

इथे मला दुमत होण्यासारखे काही दिसत नाही. बाण हातावरून किंवा धनुष्याच्या खोबणीवरून सुटत असेल तर खरी पिसेच लावा, काडी कार्बनची असली तरी. पीस धनुष्याला घासताना दबते आणि बाण पुढे जातो. प्लॅस्टिकचे पीस ठोकर खाते आणि बाण फेकला जातो. पीस प्लॅस्टिकपेक्षा बरेच हलकेही असते. पावसात पिसे चपटी होतात हे खरे, तेवढी भुकटी किंवा झाकण वापरून सांभाळावे. एका बाणावर डाव्या आणि उजव्या पंखाची पिसे एकत्र लावू नका. टोकाचे रुंद पाते पुढे स्वतःच पंखासारखे वागते, म्हणून शिकारी बाणाला ४–५ इंचांची मोठी पिसे हवीत.

चिकटवणे आणि बांधणे

जनावराच्या कातडीचा सरस सुंदर धरतो, पण ओलाव्याने सुटतो. पिसांना आधुनिक गोंद, पात्याला गरम करून लावायचा हॉट मेल्ट. पात्यासाठी तो मला सर्वांत आवडतो, कारण जुन्या राळेप्रमाणेच ऊब दिली की मऊ होतो आणि वाकडे बसलेले पाते पुन्हा नीट बसवता येते. कार्बनवर मात्र ज्योत धरू नका. धातूचे टोक तापवा.

गोंद कितीही चांगला असो, पिसाच्या पुढच्या टोकावर दोऱ्याची बांधणी हवीच. तिथला देठ सुटला तर तो थेट हातात घुसतो. तात, म्हणजे जनावराच्या स्नायूबंधाचा दोरा, ओली गुंडाळली की वाळताना आवळते, नायलॉनची नकली तात आवळत नाही. पण खरी तात भिजली की सैलावते, म्हणून तिच्यावर वॉर्निशचा हात द्या.

दोरी बसायची मागची खाच लाकडातच कापायची तर वाढीच्या वलयांना काटकोनात कापा आणि खाली दोरा गुंडाळा. नाहीतर प्लॅस्टिकची तयार खाच (नॉक) ११ अंशांच्या उतारावर चिकटवा. दोन्ही चालतात.

टोक

१९११ साली कॅलिफोर्नियात प्रकट झालेला यही जमातीचा इशी ऑब्सिडियनबरोबर (ज्वालामुखीची नैसर्गिक काच) बाटलीच्या काचेचीही टोके घडवत असे. काचेची धार विलक्षण असते, पण हाडावर ती फुटते आणि तुकडे आत राहतात. मी पोलादाच्या बाजूने आहे, तेही दोन धारांच्या स्थिर पात्याच्या. उघडणारी पाती उघडण्यातच जोर खातात, आणि बेताच्या ओढीच्या धनुष्याकडे तेवढा जोर वाया घालवायला नसतो.

सगळे जुळल्यावर एक बाण पिसांविना साध्या टोकाने मारून बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तो बाण इतरांच्या डावीकडे पडला तर काडी ताठ आहे, उजवीकडे पडला तर मऊ. ताठ लाकडी काडी घासून हवी तेवढी मऊ करता येते. कार्बनला ती मुभा नाही. तिथे टोकाचे वजन आणि काडीची लांबी एवढेच हातात राहते.