‘लाइफटाइम’ लाइटरूम-फोटोशॉपच्या नावाखाली होणारी फसवणूक: सोलापुरातल्या स्टुडिओवाल्यांनी पैसे देण्याआधी वाचावं

तुळशीचं लग्न लागलं की सोलापुरातल्या स्टुडिओंना श्वास घ्यायला सवड नसते. लग्नं, जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मधूनच टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं कॅटलॉग शूट. नेमका हाच काळ साधून फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतो: फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअर फोटोशॉप आणि लाइटरूम, ओरिजिनल, लाइफटाइम, दोन-अडीच हजारांत, एनीडेस्कवरून (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवायच्या ॲपने) इन्स्टॉल करून देऊ. आधी यूपीआयने पैसे, मग काम. सॉफ्टवेअर खरंच चालू होतं आणि दोन-तीन महिने सुरळीत चालतं, म्हणून घेणारा तोच नंबर आणखी चार मित्रांना देतो. फसवणूक उघडी पडते तेव्हा अल्बम अर्धवट असतो आणि नंबर बंद असतो.

मुळात ही वस्तू बाजारात नाही. ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने २०१३ पासून आपली बहुतेक नवी सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवर नेली. एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं फोटोशॉप म्हणजे २०१२ चं सीएस ६ आणि शेवटचं लाइटरूम म्हणजे २०१५ चं लाइटरूम ६. आजचं लाइटरूम क्लासिक किंवा आजचं फोटोशॉप कायमच्या लायसन्सवर कुणीही विकू शकत नाही. अधिकृत डीलरसुद्धा नाही. तरीही कुणी विकत असेल, तर तो पुढच्या तीनपैकी एक गोष्ट देत असतो.

पहिली म्हणजे सरळ क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी तोडलेली बेकायदा प्रत. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. झिप फाइलला पासवर्ड असतो, म्हणजे अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही. इन्स्टॉल करण्याआधी विंडोज सिक्युरिटीतलं ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ बंद करायला लावतात. मग विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये ओळी घालून ॲडोबीचे सर्व्हर अडवतात आणि ‘अपडेट कधीच करू नका’ असं बजावतात. अशा प्रतीत जनरेटिव्ह फिल (एआयने फोटोचा भाग भरून देणारी सोय) चालत नाही, कारण ते काम ॲडोबीच्या सर्व्हरवर होतं आणि त्याला खरं लॉगिन लागतं. विकणारा मात्र ‘तुमचं ग्राफिक कार्ड कमी पडतं’ असं सांगतो.

क्रॅकचा खरा धोका सॉफ्टवेअर बंद पडण्यापेक्षा मोठा आहे. स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, अशाच क्रॅकमधून पसरलं. ते फक्त सी ड्राइव्हवर थांबत नाही. त्या वेळी जोडलेल्या प्रत्येक बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या फाइलींना कुलूप लावतं. आपल्याकडे बहुतेक स्टुडिओंत बॅकअपची डिस्क दिवसभर यूएसबीला लावूनच ठेवलेली असते. म्हणजे मूळ रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइली) आणि बॅकअप दोन्ही एकाच झटक्यात जातात, आणि लग्न पुन्हा लावून फोटो काढता येत नाहीत. दुसरा प्रकार गुपचूप चालतो: ब्राउझरमधले पासवर्ड आणि चालू लॉगिन चोरले जातात. त्यात नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण चोराकडे उघडं सेशन असतं. मोबाइलवरून जीमेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, व्हॉट्सॲपची लिंक केलेली डिव्हाइस काढा, मग पासवर्ड बदला. त्यानंतर विंडोज नव्याने टाका. ते होईपर्यंत त्या मशिनला एकही डिस्क लावू नका.

दुसरी गोष्ट ओळखायला सगळ्यात अवघड, कारण सॉफ्टवेअर अस्सल असतं. विकणारा कुठल्यातरी कंपनीच्या किंवा कॉलेजच्या खात्यातली एक जागा तुम्हाला देतो. अपडेट येतात, जनरेटिव्ह फिलही चालतं. पण लॉगिनचा ईमेल त्याने बनवलेला, अनोळखी डोमेनचा असतो. साइन इन करताना ‘पर्सनल’ऐवजी ‘कंपनी किंवा स्कूल’ खातं निवडायला लावतात. ॲडोबीच्या खात्याच्या पानावर तुमच्या नावाऐवजी एखाद्या परक्या संस्थेचं नाव दिसलं, तर ते लायसन्स तुमचं नाही हे पक्कं समजा. त्या संस्थेच्या ॲडमिनला पत्ता लागला, किंवा विकणाऱ्याने तीच जागा दुसऱ्याला दिली, की तुम्ही बाहेर. क्लाउडवर चढवलेले फोटोही त्या संस्थेच्या ताब्यात राहतात. गिऱ्हाइकाच्या घरचे फोटो अशा ठिकाणी ठेवणं हा विश्वासघात आहे, मग तो नकळत का होईना.

तिसरी गोष्ट म्हणजे लाइटरूम ६ ची जुनी ‘की’, म्हणजे ते चालू करायचा लायसन्स नंबर. लाइटरूम ६ ला नव्या कॅमेऱ्यांची शेवटची ओळख डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली. त्यामुळे २०२० चा कॅनन आर ६ किंवा २०२१ चा सोनी ए ७ फोर यांच्या रॉ फाइली ते उघडतच नाही. ॲडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरने (तो रॉ फाइल डीएनजी या प्रकारात बदलून देतो) वाट काढता येते, पण दोन-तीन हजार फ्रेमच्या लग्नात तो वेळ कुणाला आहे?

आता काम कसं अडकतं ते समजून घ्या. लाइटरूम क्लासिक फोटो आपल्या पोटात ठेवत नाही. फोटो फोल्डरमध्येच असतात आणि रंग, क्रॉप, रेटिंग, कीवर्ड यांची नोंद कॅटलॉगच्या फाइलमध्ये होते. सॉफ्टवेअर गेलं की मूळ फोटो राहतात, केलेलं काम हाती लागत नाही. त्यात क्रॅक नव्या आवृत्तीचा असेल तर तो पहिल्यांदा उघडताना कॅटलॉग अपग्रेड करतो, आणि अपग्रेड झालेला कॅटलॉग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. जुनी प्रत शेजारी असते, पण त्यात अपग्रेडनंतरचं काहीच नसतं.

ज्यांच्याकडे असं संशयास्पद लाइटरूम आज चालू आहे, त्यांनी ते चालू असतानाच काम सोडवून घ्यावं. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या टॅबवर बदल आपोआप एक्सएमपीमध्ये (एडिटिंगची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये) लिहिण्याचा पर्याय सुरू करा. जुन्या कामासाठी लायब्ररीत सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा. रॉ फाइलशेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. जेपीईजी आणि डीएनजीत ही नोंद फाइलच्या आतच जाते. कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची दुसरी एडिट) आणि हिस्टरी मात्र एक्सएमपीत येत नाही, म्हणून अल्बमसाठी निवडलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण आकारात एक्सपोर्ट करून ठेवा. व्हर्च्युअल कॉपीवर केलेली ब्लॅक अँड व्हाइट आवृत्ती लोक हमखास विसरतात.

पर्याय आहेत, आणि आमच्या मते छोट्या स्टुडिओने त्यांचा गंभीरपणे विचार करावा. रॉ डेव्हलप करायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी, वर्षावर्षाचा साठा लावायला डिजीकॅम. तिन्ही मोफत आहेत, त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. लाइटरूममधून गेल्यावर रेटिंग आणि कीवर्ड टिकतात, रंगांचं काम जसंच्या तसं उमटत नाही, त्यामुळे चालू ऑर्डर मध्यावर हलवू नका. एकदाच पैसे भरायचे असतील तर कॅप्चर वन आणि डीएक्सओ फोटोलॅब अशी लायसन्सं खरोखर विकतात. पिकासा कुणी देत असेल तर नको म्हणा. गूगलने ते २०१६ मध्ये बंद केलं.

अल्बमची पीएसडी (फोटोशॉपची फाइल) शीट दुसऱ्या डिझायनरबरोबर देवाणघेवाण करायची असेल तर फोटोशॉप टाळणं कठीण आहे. मग सबस्क्रिप्शन ॲडोबीच्या साइटवरून, स्वतःच्या ईमेलने घ्या. तिथेही एक अट नीट वाचा: ‘वार्षिक, दरमहा बिल’ हा प्लॅन १४ दिवसांनंतर मध्येच सोडला तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे कापले जातात. सीझनपुरतंच हवं असेल तर महिन्याचा प्लॅन महाग दिसला तरी हिशेबात परवडू शकतो. सबस्क्रिप्शन संपल्यावरही लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो शोधता येतात, एक्सपोर्ट होतो. बंद होतात ते डेव्हलप (रंग-क्रॉप करायचा) आणि मॅप हे विभाग.

स्थानिक विक्रेत्याकडून घेत असाल तर जीएसटी बिल आधी मागा. त्यावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की फर्मचं नाव दिसतं. ते नाव आणि यूपीआयवर दिसणारं नाव जुळलं नाही, तर पैसे पाठवू नका.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि दिलेला लॉगिन ईमेल जवळ ठेवा. नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्सपोर्ट करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिची प्रत शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या, बार्शी-पंढरपूरसारख्या तालुक्यांत असाल तर ग्रामीण पोलिसांच्या सायबर विभागाकडे द्या. क्रॅक आहे हे कळल्यावर तो वापरत राहू नका: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणं हा गुन्हा आहे, आणि त्यात ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. म्हणून तक्रारीला जाण्याआधी ते काढून टाका, आणि काढण्याआधी एक्सएमपी व एक्सपोर्ट पूर्ण झाल्याची खात्री करा.