पेणची शाडूची मूर्ती: रंग नंतर, आधी डोळे बघा

आमच्या ह्यांना प्लास्टरचीच हवी होती, हलकी म्हणून. मी ऐकलं नाही, पेण गाठलं.

कारखान्यात शिरलात की रंगाला भुलू नका, आखणी बघा. सोवळं, दागिने शिकाऊ मुलंही छान रंगवतात. बुबुळं मात्र तिथले एक म्हातारे काकाच आखतात. कुठेही उभे राहा, मूर्ती आपल्याकडेच बघते. प्राणप्रतिष्ठेपर्यंत ती नुसती माती, असं गुरुजी सांगतात. चतुर्थीला दुर्वेने डोळ्यांना तूप लावतात, तेव्हा देव येतो म्हणे. पण मूर्ती आदल्या रात्री घरात आली, तेव्हापासूनच सासूबाई तिच्यासमोर पाय पसरून बसल्या नाहीत! त्याचं श्रेय मी काकांच्या ब्रशला देते.

तक्रार पॅकिंगची. शाडू ठिसूळ, आणि खोक्यात नुसता पेंढा कोंबलेला. वडखळपर्यंत उंदराचा कान गेला. बारा इंचांना साडेतीन हजार, घासाघीस चालत नाही.

विसर्जन बादलीत केलं. सकाळपर्यंत माती सुटली, ती तुळशीला घातली. पाणी मात्र लालभडक; रंग नैसर्गिक असल्याचं सांगितलं होतं, मला शंका आहे. पुढच्या वर्षी मूर्ती इथूनच, पण खोकं घरून नेणार.