नातीची एसटी: सुतारकाम चोख, रंगाला मार्क कमी

मी एसटीत कंडक्टर होतो. त्यामुळे पाच वर्षांच्या नातीने ‘लाल एसटीचा बेड’ मागितल्यावर ते काम आपसूक माझ्याकडे आलं. पुण्यात भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागे, मुलांच्या खोलीचं फर्निचर हवं तसं करून देणारा एक लहान कारखाना आहे. तिथली डिझाइन करणारी मुलगी बोलायला गोड, पण गिऱ्हाइकाच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारी नाही. मला तेच आवडलं.

मला दुमजली बेड हवा होता, म्हणजे टपावरही झोपता येईल. तिने घरी येऊन टेप लावली. छत साडेनऊ फूट, पंख्याची पाती आठ फुटांवर. पोर वर उभं राहिलं की हात थेट पंख्यात. शिवाय सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बेडवर झोपवूच नये, म्हणाली. विषय संपला. मग घंटीच्या दोरीवरून वाजलं. ‘काका, लोंबती दोरी नको, गळ्याला अडकते.’ शेवटी सायकलची घंटी बसवली. एका टोल्याला थांबायचं, दोन टोल्यांना निघायचं, हे नातीला आता पाठ आहे. खिडक्यांना आडवे गज हवेतच, हा माझा हट्ट. त्यांच्यात तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, म्हणजे डोकं शिरणार नाही, हा तिचा.

खरी अक्कल पुढेच आहे. मूळ बेड साधा, चौकोनी, आयएस ७१० मार्कच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचा. बसचं तोंड आणि बाजू वेगळ्या करून आतून बोल्टने जोडल्यात. उद्या पोरीला बसचा कंटाळा आला की पाना घ्यायचा, बस उतरवायची. बेड तसाच राहतो. गादीही ७२ बाय ३६ ची, कुठल्याही दुकानात मिळणारी. मोटारीच्या आकाराचे तयार बेड पाहिले होते, त्यातल्या काहींना गादीसुद्धा खास शिवून घ्यावी लागते. खाली दोन ड्रॉवर आहेत, नात त्यांना डिकी म्हणते. चॅनल छान सरकतात.

‘लाकडाची कुठे एसटी असते?’ असं मुलगा म्हणाला. १९४८ साली पुणे–अहमदनगर धावलेल्या पहिल्या एसटीची बॉडी लाकडीच होती, वर कापडी छप्पर! पुढची पाटी मी त्याच मार्गाची लिहून घेतली.

आता तक्रार. लाल रंग निस्तेज दिसतो. एसटीचा लाल डोळ्यांत भरतो, हा भरत नाही. ‘शेडकार्डात हाच होता’ हे उत्तर मला पटलं नाही. वासही इतका होता की तो पूर्ण जाईपर्यंत नातीला त्या खोलीत झोपवलं नाही. गणपतीआधीचा वायदा होता, बेड आला दसऱ्याला.

५८ हजार गेले. मुलाला जास्त वाटले, मला नाही. तुम्ही करून घेणार असाल तर रंगाऐवजी लाल सनमायका मागा, तुकडा उजेडात धरून बघा आणि तारीख कागदावर लिहून घ्या.