बीजीएमआय: बारावीनंतरचा मार्ग म्हणून एक परीक्षण

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले बीजीएमआय, या खेळाची परीक्षणे पुष्कळ झाली आहेत. त्यांत ग्राफिक्स, नवे नकाशे, बंदुकांचा रिकॉइल, म्हणजे गोळी झाडताना बसणारा झटका, आणि फोन किती तापतो यांची चर्चा असते. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि हा खेळ स्वतः नियमित खेळतो, त्यामुळे माझ्यापुढे येणारा प्रश्न वेगळा असतो. बारावीचा निकाल लागला की एखादा तरी विद्यार्थी, आणि बऱ्याचदा त्याच्यामागोमाग त्याचे आईवडील, विचारायला येतात की पुढचा प्रवेश न घेता दोन-तीन वर्षे पूर्णवेळ या खेळाला दिली तर चालेल का. ज्या गोष्टीवर कोणी उमेदीची तीन वर्षे लावणार आहे तिचे परीक्षण त्याच दृष्टीने व्हायला हवे, आणि ते तसे फारसे झालेले मला दिसले नाही.

आधी खेळाविषयी, कारण ज्यांनी तो कधी पाहिलेला नाही ते पालक त्याला सरसकट ‘मोबाइलचा नाद’ म्हणून मोकळे होतात आणि तिथेच मुलाशी बोलणे संपते. स्पर्धेच्या सामन्यात प्रत्येकी ४ खेळाडूंचे १६ संघ, म्हणजे ६४ जण, एका नकाशावर उतरतात आणि एकमेकांना टिपत शेवटपर्यंत टिकणारा संघ पहिला येतो. सध्याच्या पद्धतीत पहिल्या क्रमांकाला १० गुण, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २ आणि सातव्या-आठव्या संघाला प्रत्येकी १ गुण मिळतो, शिवाय टिपलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे १ गुण असतो. या एका हिशेबामुळे खेळाला खोली येते, कारण केवळ लपून शेवटपर्यंत टिकणारा संघ मागे पडतो आणि दिसेल त्याच्यावर धावून जाणारा संघ लवकर संपतो. एरँगेल नकाशावर झोन, म्हणजे हळूहळू आक्रसत जाणारा सुरक्षित भाग, लष्करी तळाच्या बेटाकडे सरकला, की दोनपैकी कोणत्या पुलावरून जायचे, बोट शोधायची, की पलीकडे आधी पोहोचलेले संघ एकमेकांत अडकेपर्यंत काठावर थांबायचे, हा निर्णय आयजीएलला, म्हणजे सामन्यात संघाचे नेतृत्व करणाऱ्या खेळाडूला, काही सेकंदांत घ्यावा लागतो आणि तो चुकला तर चौघांचाही सामना तिथेच संपतो. मिरामार या दुसऱ्या नकाशावर आडोसा कमी आणि अंतरे मोठी, त्यामुळे तिथे गाड्या जपून ठेवण्याला आणि उंचवटा आधी पकडण्याला महत्त्व येते. अवघ्या अठरा वर्षांची मुले शांत, तुटक वाक्यांत एकमेकांना माहिती देत असे निर्णय घेताना मी ऐकली आहेत आणि वर्गात क्वचितच दिसणारी एकाग्रता मला तिथे दिसली आहे. या खेळाला कौशल्याचा खेळ मानण्यात मला कसलाही संकोच वाटत नाही.

त्याचा दुसरा मोठा गुण म्हणजे तो फोनवर चालतो. व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळायचे तर चांगला संगणक हवा, आणि तो बहुतेक घरांत नसतो. बीजीएमआयला मधल्या किमतीचा, जायरोस्कोप (फोन कलवून नेम धरू देणारा सेन्सर) असलेला आणि सेकंदाला स्थिर ६० किंवा ९० फ्रेम देणारा फोन पुरतो. त्यामुळे तालुक्याच्या गावातला मुलगा मुंबईच्या मुलासमोर उभा राहू शकतो. अर्थात गावात रात्री वीज गेली किंवा नेटवर्कचे पिंग, म्हणजे संदेश पोहोचायला लागणारा वेळ, वाढले की ही बरोबरी संपते, आणि ज्या घरात शांत खोली नाही तिथल्या मुलाला पावलांचा आवाज ऐकून खेळायच्या या खेळात त्याची किंमत रोज मोजावी लागते. तरीही प्रवेशाचा खर्च इतका कमी असलेला दुसरा स्पर्धात्मक खेळ मला माहीत नाही.

उपजीविका म्हणून पाहिले की चित्र बदलते. या खेळाची पहिली मोठी अधिकृत स्पर्धा, बीजीआयएस २०२१, हिची एकूण बक्षीस रक्कम १ कोटी रुपये होती. जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या अंतिम फेरीनंतर विजेत्या स्कायलाइट्झ गेमिंगला त्यातले ५० लाख मिळाले. २०२३ ची बक्षीस रक्कम २ कोटींवर गेली. विद्यार्थी हे आकडे तोंडपाठ सांगतात. पण ५० लाख चौघांत वाटले तर प्रत्येकी साडेबारा लाख होतात, राखीव असलेला पाचवा खेळाडू, प्रशिक्षक आणि संघाची मालक संस्था यांचा वाटा त्यातूनच जातो, आणि हे सगळे पहिल्या क्रमांकाचे आहे. खुल्या पात्रता फेरीत उतरणाऱ्या हजारो संघांतून अंतिम फेरीत १६ उरतात. मोठ्या संस्थांच्या संघांना मासिक मानधन मिळते. त्यांच्या खालच्या स्तरावर मात्र मुले छोट्या स्पर्धांच्या बक्षिसांवर आणि यूट्यूबच्या आशेवर खेळत राहतात. क्रिकेटमध्ये क्लब, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या असतात आणि वरची पायरी चुकली तरी खालचीवर उभे राहता येते. इथे ती मधली पायरी फार अरुंद आहे, आणि पूर्णवेळ उतरणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण नेमके तिथेच अडकतात.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र पैशांविषयी नाही. या खेळाचे मैदान कोणा संघटनेचे किंवा गावाचे नाही, एका कंपनीचे आहे, आणि त्या मैदानाचे दार सरकारी आदेशाने बंद होऊ शकते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. त्याच्या जागी क्राफ्टन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी बीजीएमआय आणला. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायर या अशाच दुसऱ्या खेळावर बंदी आली, आणि २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआयही गूगल आणि ॲपलच्या स्टोअरवरून हटवला गेला. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता त्यांना खेळता येत होते, परंतु अधिकृत स्पर्धा थांबल्या, प्रायोजक बाजूला झाले आणि काही संघ दुसऱ्या खेळांकडे वळले. खेळ परत आला तो मे २०२३ च्या शेवटी, तेही सुरुवातीला तीन महिन्यांच्या सशर्त मुभेवर. ज्या मुलाने २०२२ च्या जूनमध्ये एफवायचा प्रवेश सोडून पूर्णवेळ खेळायचे ठरवले असेल, त्याचे मैदान दुसऱ्या महिन्यात गेले आणि ते परत यायला दहा महिने लागले. त्यात त्याच्या खेळाचा काहीही दोष नव्हता. ही जोखीम मेहनतीने कमी होत नाही, आणि मुलाला हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

या बाबतीत परिस्थिती सुधारली आहे, हेही नोंदवले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ खेळांचा, विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यांच्यापासून वेगळी मान्यता दिली. पालकांनी हा फरक जरूर समजून घ्यावा. बीजीएमआयची स्पर्धा खेळणारा मुलगा जुगार खेळत नसतो. पण ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली म्हणजे अमुक एक खेळ पुढची तीन वर्षे चालू राहील अशी हमी मिळाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता वेळेचा मुद्दा, कारण कॉलेज सोडण्याचे कारण म्हणून नेहमी तोच पुढे केला जातो. २०२३ मध्ये खेळ परतला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला ३ तासांची आणि इतरांसाठी ६ तासांची मर्यादा घालण्यात आली होती. स्पर्धेचा एक सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो आणि स्पर्धेच्या दिवशी बहुधा सहा सामने होतात. संघांचे सराव सामने, ज्यांना मुले स्क्रिम म्हणतात, ते दुपारनंतर सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतात. सकाळ त्यामुळे मोकळीच राहते. स्वतःच्या सामन्यांची चित्रफीत पाहून चुका शोधणे आणि नेमबाजीचा सराव हे धरले तरी सकाळी सात ते अकराच्या वेळेतले कला किंवा वाणिज्य शाखेचे कॉलेज याच्या आड येत नाही. माझ्याकडे आलेल्या मुलांशी सविस्तर बोलल्यावर वारंवार लक्षात आले की त्यांना खरी अडचण वेळेची नसते. घरच्यांनी ठरवलेले अभियांत्रिकी त्यांना नको असते, आणि ते सांगण्यापेक्षा ‘मला खेळायचे आहे’ हे सांगणे त्यांना सोपे जाते. म्हणून मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो की हा खेळ उद्या बंद झाला तर तू कोणत्या शाखेला जाशील. त्याचे उत्तर मिळाले की निम्मा गुंता सुटतो.

अभियांत्रिकी आणि गंभीर बीजीएमआय एकत्र जमत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रात्यक्षिके, सबमिशन, ७५ टक्के हजेरी आणि सत्र परीक्षा या साऱ्यांतून रोजची स्क्रिम सांभाळणे फार थोड्यांना साधते, आणि ज्यांना साधत नाही त्यांचे दोन्हीकडे नुकसान होते. अशा मुलासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पर्याय मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत आणि रोजच्या हजेरीचे बंधन नसते. मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम असते हा समज घराघरांत आहे, परंतु मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबण्याची व नंतर परतण्याची सोय आहे. मिळवलेली श्रेयांके शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात. ज्याला बारावीच करायची राहिली आहे, त्याच्यासाठी आपल्या मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. खेळासाठी बारावी अर्धवट सोडण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

मुले अनेकदा फेकर या कोरियन ई-स्पोर्ट्स खेळाडूचे उदाहरण देतात. २०१३ मध्ये त्याने कोरियातली शाळा सोडून संघाशी करार केला आणि त्याच वर्षी लीग ऑफ लेजंड्स या संगणकावरच्या खेळाचे जगज्जेतेपद जिंकले, हे खरे आहे. तिथे त्या खेळाची कायमस्वरूपी लीग आहे, पगारी संघ आहेत आणि संघांच्या स्वतःच्या प्रबोधिन्या आहेत. अमेरिकेत तर शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०१४ मध्येच याच खेळासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या, म्हणजे कॉलेज आणि खेळ यांतला झगडा कॉलेजनेच मिटवला. आपल्याकडच्या कॉलेजांत क्रीडा विभागाच्या फलकावर बीजीएमआयचे नाव येईल तेव्हा मला मनापासून आनंद होईल, पण आज सतरा वर्षांच्या मुलाला सल्ला देताना तो दिवस आलाच आहे असे धरून चालता येत नाही.

संस्थेशी होणाऱ्या कराराबद्दल इथे लिहिणे भाग आहे, कारण कॉलेजची माहितीपुस्तिका ओळ न ओळ वाचणारे पालक हा कागद न वाचताच मुलाच्या हाती सोपवतात. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार भारतीय कायद्याने निरर्थक ठरतो, त्यामुळे तिथे पालक स्वतः हवेतच. बक्षिसातला संस्थेचा वाटा किती, मानधन किती तारखेला, मुलाच्या यूट्यूब वाहिनीच्या उत्पन्नावर हक्क कोणाचा, आणि दुसऱ्या संघात जायचे असेल तर सुटकेची रक्कम किती, हे चार मुद्दे लेखी नसतील तर सही करू नये. वकिलाला दाखवण्याचा खर्च इथे वाया जात नाही. खेळ काही महिने बंद पडला तर मानधनाचे काय होईल, ही अटही २०२२ नंतर मी आवर्जून पाहायला सांगतो.

स्पर्धात्मक खेळ म्हणून बीजीएमआयला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. कॉलेजला पर्याय म्हणून दीडच्या वर जाणार नाही. पूर्णवेळ खेळ असा सल्ला मी ज्याला देईन तो विद्यार्थी अठरा वर्षे पूर्ण केलेला असेल, त्याच्या संघाने अधिकृत स्पर्धेत खुल्या पात्रतेच्या पुढच्या फेऱ्या एकाहून अधिक वेळा गाठलेल्या असतील, चौघे किमान एक हंगाम एकत्र टिकलेले असतील, आणि मानधनाचा करार त्याच्या हातात असेल. रँक कितीही वर असली तरी ती मी यात धरत नाही. क्लासिक, म्हणजे कोणालाही खेळता येणाऱ्या रोजच्या सामन्यांतली, कॉन्करर या सर्वोच्च रँकपर्यंतची चढण आणि स्क्रिममधला शेवटचा झोन यांत फार अंतर आहे. या अटी ज्याने पूर्ण केल्या आहेत त्यानेही त्याच वर्षी मुक्त विद्यापीठाचा प्रवेश मुदतीत घ्यावा, शुल्क पहिल्या मानधनातून भरावे, आणि परीक्षेच्या तारखा हंगाम सुरू होण्याआधीच संघाच्या व्यवस्थापकाकडे लेखी द्याव्यात.