कोल्यूरच्या अँचोवी: बरणी घ्यायची तर मिठातलीच

अँचोवी हा छोटा समुद्री मासा; तेलातली नको, मिठातली घ्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोल्यूरला गेलेला जो तो तेलातल्या अँचोवीची देखणी बाटली उचलून बाहेर पडतो. मिठातली बरणी दिसायला अगदीच मळकट: तपकिरी खारं पाणी, वर मिठाचा थर आणि आत मुंडकी उडवलेले मासे दाबून बसवलेले. पण चव तिच्यातच आहे.

कोल्यूर हे फ्रान्सच्या दक्षिण टोकाचं, स्पेनच्या हद्दीजवळचं भूमध्य समुद्रावरचं, कॅटलन भाषा-संस्कृतीचं गाव. मी राहतो तुलूझला, पण मूळचा शिरोड्याचा. त्यामुळे मीठ आणि मासळी या दोन बाबतींत मला कोणी सहजासहजी गंडवू शकत नाही. या गावाला जुन्या काळी मिठावरच्या करातून सूट होती. बाकी मुलूख त्या करापायी जेरीस आलेला असताना इथल्या कोळ्यांना मीठ परवडायचं, म्हणून मासळी खारवायचा धंदा इथे रुजला. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला त्या गावच्या माणसाला यातली गोम वेगळी समजवावी लागत नाही.

आता या धंद्यात दोनच जुनी घराणी उरली आहेत, १८७० पासूनचे रोक आणि १९०३ पासूनचे देक्लो. दोघांचाही माल खाल्लाय, डावं-उजवं करणार नाही. रोककडे मात्र दुकानाच्या वर चालणारं काम बघायला मिळतं, ते चुकवू नका. मुंडकं आणि आतडी काढलेला मासा मिठाच्या थरांत रचतात, वर वजन ठेवतात आणि निदान तीन महिने तसाच मुरू देतात. मग मीठ धुऊन बायका एकेक मासा बोटांनी उघडतात, मधला काटा अलगद ओढून काढतात आणि दोन्ही फाका टिपकागदावर पसरतात. हात इतके चपळ की काटा कधी सुटला ते दिसत नाही. आमच्याकडच्या मांदेलीच्याच कुळातला हा मासा, पण मुरल्यावर मांस गडद लालसर होतं.

एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाहीत. २००४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन इथे खारवण्याला आहे. मासा कोल्यूरच्याच पाण्यातला असेल असं समजू नका. लांब तिरक्या शिडाच्या कॅटलन होड्या बंदरात आहेत, पण रंगरंगोटी करून फोटोपुरत्या.

बरणी घेतलीत की मूरे या जुन्या कोळीवाड्यात फिरून या. चर्चमागे चढणारे अरुंद बोळ, गुलाबी-पिवळ्या भिंती. जाळी वाळत घालायच्या जागी आता चित्रांची दुकानं. किल्ल्याच्या पलीकडे फोबूर ही दुसरी वस्ती. मधली वरची आळी शोधू नका, ती पाडली. १६५९ च्या तहाने हा भाग फ्रान्सकडे गेला आणि तटबंदीसाठी वोबाँ या लष्करी इंजिनिअरने किल्ल्याभोवतालची घरं जमीनदोस्त केली. चर्चसुद्धा गेलं. त्याच्या बदल्यात १६८४ ते १६९१ मध्ये नवं चर्च थेट पाण्याच्या कडेला बांधलं आणि जुन्या दीपस्तंभालाच त्याचा घंटामनोरा केलं. १९०५ च्या उन्हाळ्यात मातीस आणि देराँ या चित्रकारांनी याच गावात रंगांचा धुमाकूळ घातला. त्यांच्या चित्रांच्या प्रती त्या-त्या जागी लावल्या आहेत. सगळे तिथेच सेल्फी काढतात.

किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटात (नाव नको) अँचोवीची प्लेट मागवली. मीठ धड धुतलेलंच नव्हतं, ब्रेड शिळा आणि बिल भरभक्कम. तेवढ्या पैशांत दोन बरण्या आल्या असत्या.

घरी असं करा: लागतील तेवढेच मासे काढा, गार पाण्याखाली धुवा, अंगठ्याने उघडून काटा काढा, फडक्याने टिपा. भाजून सोललेली लाल सिमला मिरची, लसूण, पार्सली, उकडलेलं अंडं आणि वरून ऑलिव्ह तेल. हा तिकडचाच बेत. मी गरम भातावरही खातो, बायको नाक मुरडते. उरलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवा, मासे खाऱ्या पाण्यात बुडालेले राहू द्या. भारतात नेणार असाल तर चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, आणि कपड्यांपासून लांब. झाकण गळतं.